मालकाच्या सहीशिवाय आम्ही कामगार नाही का? कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : घरेलू कामगारांच्या नोंदणीतील मालकाच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातल्या धुणंभांडी करणाऱ्या बायकांच्या नोंदणी अर्जांचा गठ्ठा एका सरकारी खिडकीवरून परत आला. पोच नाही, लेखी कारण नाही. तोंडी उत्तर तेवढे मिळाले: मालकाचे प्रमाणपत्र जोडा, मग या. उन्हाळ्यात एका बैठकीत जबाबदार पदावरच्या व्यक्तीने याच मुद्द्यावर शब्द दिला होता, की ज्यांना मालकाची सही मिळत नाही त्यांच्यासाठी पर्याय काढू आणि पावसाळ्याआधी प्रभागवार शिबिरे लावू. पावसाळा सरत आला. पर्यायही नाही आणि शिबिरही नाही.

त्या बैठकीत गोदावरी परुळेकरांच्या फोटोला हार घातला होता आणि भाषणांत त्यांचे नाव पुन्हा पुन्हा घेतले गेले. म्हणून आपल्याला गोदावरीबाईंविषयीच आधी सांगायचे आहे. त्यांनी काय केले आणि कसे केले, हे खात्यात कुणी नीट समजून घेतले असते तर ही अट अर्जावर राहिली नसती.

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. जन्म १९०७ चा, पुण्याचा, वकिलाच्या घरातला. कायद्याची पदवी घेणारी महाराष्ट्रातली पहिली बाई म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कायदेभंगात तुरुंगात गेल्या, वडिलांना ते रुचले नाही, घर सुटले, मुंबईला आल्या. भारत सेवक समाजाने पहिल्यांदा एका बाईला आजीव सदस्य करून घेतले, ते त्यांना. आणि १९३८ च्या सुमारास त्यांनी मुंबईतल्या घरगड्यांची संघटना बांधून त्यांचा हजारोंचा मोर्चा रस्त्यावर आणला. वारली आदिवासींच्या लढ्यामुळे हे मागे पडते, पण आमच्यासाठी हेच पहिले आहे. घरात काम करणारा माणूस हा कामगार आहे, त्याला कामाचे तास, सुट्टी आणि ठरलेला पगार हवा, हे त्यांनी स्वातंत्र्याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी रस्त्यावर मांडले. सरकारला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करायला २००८ उजाडले. मधली ७० वर्षे कुणाच्या हिशेबात धरायची?

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्यानंतर त्या व त्यांचे पती शामराव परुळेकर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव-डहाणूच्या पाड्यांवर पोहोचले. तिथली परिस्थिती आपल्याला वाचून ठाऊक असेल. जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचे ती वेठ. लग्नाला कर्ज काढले म्हणून नवराबायको दोघांनी त्याच्या दारात राबायचे, तो लग्नगडी. कर्ज किती होते, किती फिटले, व्याज कसे लागले, हे सारे एकाच जागी लिहिलेले, जमीनदाराच्या वहीत. राबणाऱ्याकडे स्वतःच्या राबण्याचा कसलाही पुरावा नव्हता. त्याचा अंगठा होता, पण तोही जमीनदाराच्या कागदावर उठवलेला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. मग जथे गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना जमीनदारांच्या वाड्यांतून बाहेर बोलावून मोकळे केले. वही उघडून हिशेब जुळेपर्यंत कुणी थांबले नाही. राबणाऱ्याचा शब्द आणि शेजारच्या पाड्याची साक्ष एवढ्यावर माणसे सुटली, आणि जी प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली होती ती काही आठवड्यांत मोडली.

पुढचा भाग आमच्या कामाशी आणखी जवळचा आहे. तिथला मोठा धंदा गवताचा. पावसाळा संपला की गवत कापायचे, गाठी बांधायच्या, रेल्वेने मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. मजुरी जमीनदाराच्या मर्जीवर. किसान सभेने मागणी लावली ती मोजमापासह: ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये, इतर कामाला दिवसाला बारा आणे. यात बाईंचा हात कळतो. ‘योग्य मोबदला द्या’ अशी मागणी केली की समोरचा योग्य म्हणजे काय ते स्वतः ठरवतो. वजन आणि दर दोन्ही बोलून दाखवले की त्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते. संपाची वेळही नेमकी धरली. गवत उभे वाळले की भाव जातो, म्हणजे थांबण्याचे नुकसान पहिल्यांदाच मालकाला होणार होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला, बाईंच्या नावाने खोटी हूल उठवून जमवलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यांतला. तरी संप मोडला नाही आणि दर मिळाला. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार केले गेले, पुढे पुन्हा पुन्हा तुरुंग आला, शामराव तर १९६५ साली आर्थर रोड तुरुंगातच वारले. बाई १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९९६ मध्ये गेल्या. एवढ्या आयुष्यातून आम्ही एक गोष्ट उचलली आहे. कामाचा पुरावा हा काम करणाऱ्याकडे असला पाहिजे.

आता आपल्या अर्जाकडे या.

घरेलू कामगाराच्या नोंदणीला वय १८ ते ६० लागते. वयाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो, बँक पासबुक, आधार, आणि सध्या जिथे काम चालू आहे तिथल्या मालकाचे प्रमाणपत्र. पहिल्या सगळ्या गोष्टी आम्ही कशाबशा जमवतो. शेवटच्या कागदावर काम अडते, आणि का अडते ते सांगतो. राजारामपुरीतली, ताराबाई पार्कातली, रुईकर कॉलनीतली मालकीण वाईट असते असे नाही. तिला भीती असते की सही दिली तर उद्या ही बाई पीएफ मागेल, ग्रॅच्युइटी मागेल, काढून टाकले तर केस करेल. घरातले पुरुष सांगतात, कुठल्याही सरकारी कागदावर सही करू नको. खरे तर या सहीने मालकावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही, कारण कायद्यात मालकाची वर्गणीच नाही. पण हे तिला पटवायचे कुणी? पाच घरी काम करणाऱ्या बाईने पाचही दारांत विचारले आणि पाचही ठिकाणी ‘बघू’ ऐकले तर तिचा अर्ज संपला. जास्त मागे लागावे तर कामच जाते. ज्या सहीची राज्याला गरज वाटते ती मिळवण्याचा धोका राज्याने सगळ्यात कमजोर माणसावर टाकला आहे.

याच देशात ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टल चालू आहे. तिथे असंघटित कामगार आपला व्यवसाय स्वतः सांगतो आणि त्याला बारा आकडी क्रमांक मिळतो. मालकाची सही लागत नाही. म्हणजे दिल्लीच्या सरकारला जी बाई घरकामगार म्हणून मान्य आहे, ती मुंबईच्या सरकारला मान्य नाही. ई-श्रम कार्ड आणि सोबत स्वयंघोषणा एवढे कागद पुरेसे का धरत नाही? शंका असेल तर नोंदणी झालेल्या दोन घरकामगार बायकांची साक्ष घ्या. एका गल्लीत कोण कुठे कामाला जाते हे बायकांना पक्के माहीत असते.

अंगठ्याचेही तसेच. धुण्याचा सोडा, भांड्याची पावडर, फरशीचे ॲसिड यांनी वर्षानुवर्षे हात भिजत राहिले की बोटांच्या रेषा झिजतात. मशीनवर चार-चार वेळा बोट ठेवूनही जुळत नाही, आणि खिडकीवरचा माणूस म्हणतो, ‘नंतर या’. बुबुळाची किंवा चेहऱ्याची पडताळणी करता येते, ओटीपीनेही होते, पण ओटीपी ज्या नंबरवर जातो तो बहुतेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो आणि तो त्या वेळी कामावर असतो. नावाचा घोळ वेगळाच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पासबुकावर तिसरेच स्पेलिंग. या एकेका दुरुस्तीला एक खाडा पडतो. खाड्याचे पैसे कापले जातात, वर रिक्षा, झेरॉक्स, सायबरवाल्याचे पैसे. नोंदणीचे शुल्क नाममात्र आहे असे खाते सांगते, ते खरे आहे. पण त्या शुल्कापर्यंत पोहोचण्याचा खर्च आमच्या खिशातून जातो.

मग नूतनीकरण. वर्ष उलटले आणि वर्गणी भरायची राहिली की नोंदणी ‘जीवित’ राहत नाही, हा तुमच्याच कागदांतला शब्द. ५५ वर्षे पूर्ण झालेल्या बाईला १०,००० रुपये सन्मानधन आहे, तेही नोंदणी जीवित असेल तरच. आयुष्यभर राबलेल्या बाईचा एका वर्षाचा हप्ता चुकला, कारण त्या वर्षी तिने घर सोडले आणि नव्या मालकिणीने सही दिली नाही, तर तिला काही नाही. ६० नंतर ती यादीतूनच बाहेर. साठीनंतर धुणे सुटते असे कुणाला वाटत असेल तर सकाळी सात वाजता राजेंद्रनगरातून, सदर बाजारातून, विचारे माळातून निघणाऱ्या बायकांची वये बघा. जिचे पैसे मंजूर होतात तिचे खाते दोन वर्षे व्यवहार नसल्याने बँकेने निष्क्रिय केलेले असते, आणि रक्कम परत जाते. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर झाले तेव्हा हेच झाले. ज्या बिननोंदणीच्या होत्या त्यांचे काम तर टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी गेले होते, आणि यादीत नाव नव्हते म्हणून मदतही गेली.

पगाराचे बोलतो, कारण गोदावरीबाई आधी दर बोलल्या. समजा एका घरी धुणं, भांडी आणि फरशी मिळून दीड तास लागतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९ तास. त्याचे १,५०० रुपये मिळाले तर तासाला ३८ रुपये पडतात. एका घरातून दुसऱ्या घरी चालत जायचा वेळ यात नाही, त्याचे पैसे कुणी देत नाही. पाहुणे आले म्हणून वाढलेली भांडी यात नाहीत, दिवाळीची सफाई नाही, गणपतीची नाही. १९४८ चा किमान वेतन कायदा होता, पण महाराष्ट्राने त्याच्या अनुसूचीत घरकाम घातले नाही. कर्नाटकाने २००४ मध्ये घातले. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल ओलांडला की जे काम कायद्याने मोजले जाते, ते पुलाच्या अलीकडे मोजले जात नाही. आम्हाला तासाचा दर हवा, महिन्याचा ठोक आकडा नको. ठोक आकड्यात कामे वाढत जातात आणि पैसा तिथेच राहतो.

आणि अंगाचे काय होते ते कोणत्या अर्जात लिहायचे? उकिडवे बसून फरशी पुसण्याने चाळिशीत गुडघे जातात. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, त्यात तिखटाची भांडी. संडास साफ करायला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली की क्लोरीन वायू सुटतो, हे कुणी सांगत नाही. बंद बाथरूममध्ये श्वास कोंडतो, डोळे चुरचुरतात, बाई बाहेर येऊन खोकत बसते आणि तिला काम टाळल्याचे ऐकावे लागते. घरात एखादी वस्तू सापडली नाही तर आळ पहिल्यांदा तिच्यावर. वस्तू कपाटामागे सापडते, आळ मात्र गल्लीभर फिरलेला असतो आणि पुढची दोन घरे सुटलेली असतात. कामावर ठेवलेल्या बाईची माहिती ठाण्यात द्या, असे पोलीस लोकांना सांगतात. तिचा फोटो, तिचा पत्ता, तिचे आधार तिथे जमा होते आणि त्यासाठी मालक आनंदाने फॉर्म भरतो. संशयासाठी तिची नोंद होते, हक्कासाठी होत नाही. याचे उत्तर तुमच्या सरकारने द्यायला हवे.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाई स्पष्ट शब्दांत धरली आहे. जिल्ह्याच्या स्थानिक समितीने प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास तिची तक्रार सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची आहे. आमच्या बायकांना विचारा, ही समिती कुठे बसते. एकीलाही सांगता यायचे नाही, कारण तिच्या वस्तीत, तिच्या बसथांब्यावर ते कुठेही लिहिलेले नाही.

पूर आला की हे सगळे एकदम उघडे पडते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले. शाहूपुरीतल्या, नागाळा पार्कातल्या घरांत पाणी, म्हणजे तिथले काम बंद आणि ते दिवस खाड्यात. पाणी उतरले की गाळ काढायला पहिला निरोप बाईला. पंचनाम्यात घर, दुकान, गोठा, पीक आले. बुडालेली मजुरी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता मोठे भांडण. राज्यात बांधकाम कामगारांचे मंडळ आहे, त्याला बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर मिळतो, म्हणून त्याच्याकडे पैसा आहे. १९६९ च्या कायद्याने हमालांची माथाडी मंडळे झाली. मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, मालक मंडळात भरतो, आणि हमालाचा फंड, बोनस, रजा त्यातून चालते. शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे उचलणाऱ्या हमालाला मालकाच्या दारात सहीसाठी उभे राहावे लागत नाही, कारण मंडळच त्याचा हिशेब ठेवते. घरेलू कामगारांच्या मंडळाला ना उपकर दिला, ना लेव्ही. सरकारने दिले तर आहे, नाही तर नाही. कित्येक वर्षे मंडळावर कामगारांचे प्रतिनिधीच नव्हते. पैसा आणि माणसे दोन्ही काढून घेतल्यावर कायद्याचा नुसता कागद उरतो.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सुरक्षेच्या संहितेत दहा कामगारांची आस्थापना लागते, ईएसआयला, म्हणजे कामगार विम्यालाही, दहा. कायदा एका छताखाली दहा कामगार मोजतो आणि आमच्या एका बाईच्या वाट्याला सहा छते येतात. ती कुठल्या आस्थापनेत धरायची? १६ जून २०११ ला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत घरकामगारांचा १८९ क्रमांकाचा करार झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या कायद्यासाठी केंद्राला समिती नेमायला सांगितले. म्हणजे न्यायालयाला गरज दिसते, जगाला दिसते, आणि आमच्या खिडकीवरच्या माणसाला फक्त कोरी राहिलेली सही दिसते.

हे कोल्हापूर आहे, साहेब. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द केली, कारण त्या वतनाच्या नावाखाली माणसाला फुकट राबवले जात होते. इथल्या असंघटितांची वकिली करणाऱ्या गोविंद पानसरेंवर २०१५ च्या फेब्रुवारीत इथेच सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच ते गेले. या गावाला हक्काचे बोलणे शिकवावे लागत नाही. फोटोला हार घालून आमची समजूत निघेल असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी हार घालू नयेत.

म्हणून लिहून देतो, मोजमापासह. मालकाच्या प्रमाणपत्राच्या जागी ई-श्रम कार्ड आणि स्वयंघोषणा चालेल, असा आदेश काढा. अर्ज हातात घेताच पोच द्या आणि नाकारायचा असेल तर लेखी कारण द्या. लोकसेवा हक्काच्या २०१५ च्या कायद्याने अधिसूचित सेवांना जी शिस्त लावली आहे, तीच इथे लावा. नूतनीकरण तीन वर्षांनी एकदा ठेवा. बोट जुळले नाही म्हणून एकही अर्ज परत जाऊ नये. घरकामाला तासाचा किमान दर आणि महिन्याला चार पगारी सुट्ट्या जाहीर करा. आणि मंडळाला माथाडीसारखी लेव्ही लावण्याचा मसुदा काढा. मालकाने मंडळात भरायचे, मंडळाने बाईच्या खात्यावर टाकायचे. यातली पहिली मागणी तुमच्या एका सहीची आहे, तिला विधिमंडळ लागत नाही. ती या महिन्यात व्हावी.

लेव्हीच्या मसुद्यावर बायकांचे म्हणणे ऐकायला कुणी कोल्हापूरला येणार असेल तर सुनावणी दुपारी दोन ते चार या वेळेत ठेवा. सकाळची कामे तेव्हा आटोपलेली असतात आणि संध्याकाळची भांडी पाचला सुरू होतात. अकराला बोलावलेत तर खाडा पडेल.

आपले,
कोल्हापुरातल्या घरकामगार बायका
आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते